एनेलेसी हजर आहे

सोमवार, ५ फेब्रुवारी २०२४. सकाळी ६ वाजून ४० मिनिटं

टॅब मोजत होतो. तीस आहेत. दोनदा मोजले, मग उलटीकडून मोजले – तीसच. हेडफोन अठ्ठावीस चालू, दोन मुके. सतरा नंबरच्या काचेला कोपऱ्यात केसाएवढी चीर आहे, ती वाढलेली नाही. छपरावरच्या सोलरवर चिखल होता, शिडी लावून पुसला. किल्ली गळ्यात.

एवढं नीट लिहून ठेवतोय, कारण बावीस तारखेला राजधानीतून, लिलोंग्वेहून, संस्थेचे लोक येणार. टॅब त्यांचे. हेडसर चिपेटा काल चर्चच्या दारात म्हणाले, "मायेसो, त्यांना टॅबची खोली आवडली तर तुझं कायमचं पत्र येईल. नाही आवडली तर टॅब पुढच्या शाळेला. आणि तू घरी." दुसरी फॉर्म – म्हणजे दहावी – अर्धी टाकलेल्या माणसाला कायमचं पत्र!

त्यांची अट एकच. शंभरातली ऐंशी मुलं रोज हजर हवीत. आमची अठ्ठ्याण्णव! हे माझ्या नियमामुळे झालं, हे इथे तरी लिहायला हरकत नाही. खोलीच्या दारावर पुठ्ठा आहे, अक्षर माझं, एकही चूक नाही: 'हात घराचा. बहीण आली नाही तर भावाने बसावे, भाऊ आला नाही तर बहिणीने.' मी नवीन काही केलं नाही. गावच्या रस्त्याच्या कामाला घरटी एक हात जातो. मुखिया घरामागे एक खडा टोपलीत टाकतो, हात कोणाचा ते विचारत नाही. तेच इथे आणलं. एखाद्याला ताप आला, तर टॅबवरच्या त्याच्या फोटोवर भाऊ बोट ठेवतो, हजेरी लागते आणि त्याची चाळीस मिनिटं बसतो. घराची वेळ फुकट जात नाही.

आठवड्याचा तक्ता काढला. तिसऱ्या तुकडीत चोवीस रेघा वर गेल्यात. सहा खाली. नावं: फलेसी, गिलिबाती, नेलिया, दोरीका, योसेफे, एनेलेसी. पाच जणांचं समजतं – पावसाचे दिवस, मलेरिया. पण एनेलेसी? गणितात सातव्या पायरीवर होती. आता चौथ्या.

टॅबमध्ये काही बिघाड असेल. अकरा नंबर तपासायचा.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

अकरा नंबरमध्ये बिघाड नाही.

तिसऱ्या तुकडीकडे नीट बघणार होतो. तेवढ्यात चौघे फोन चार्ज करून मागायला खिडकीशी आले, त्यांना हाकलेपर्यंत वेळ गेला. शाळेच्या नियमाने सगळ्यांची डोकी भादरलेली, मुलगे काय नि मुली काय. त्यावर हेडफोन. मागून पाहिलं तर चटईवर तीस भोपळे ओळीने मांडल्यासारखे. अकरा नंबरवर बोट पडलं, कोपरा हिरवा झाला. म्हणजे आली आहे.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

एनेलेसी तिसऱ्या पायरीवर.

ही तीच मुलगी. नोव्हेंबरात टॅबमधली बाई – मुलं तिला आत्या म्हणतात – विचारत होती, बारा आंबे चौघांत वाटले तर प्रत्येकाला किती. एनेलेसीने हेडफोन काढला आणि मला म्हणाली, "सर, आत्याला सांगा, चौघांत एक मामा असेल तर बाकीच्यांना दोन-दोनच." मी हसलो होतो. तिने उत्तर मात्र तीन दाबलं. आत्याला काय हवं असतं, ते तिला बरोबर कळायचं.

चुकलं तर आत्या रागावत नाही. तीच गोष्ट आणखी सोपी करून विचारते. ही मशीनची सगळ्यात चांगली गोष्ट, असं मीच पालकांच्या सभेत सांगितलं होतं. हूं की चूं न करता एकेक पायरी खाली उतरत जाते. 'तू आहेस तरी कोण?' असं ती कधी विचारत नाही.

आज गुरुवार, एस्नाटताईंना तक्त्याचा फोटो पाठवायचा दिवस. एनेलेसी आणि लामेकी यांची आई. चार वर्षं झाली जोहान्सबर्गला धुणीभांडी करते. आल्या आठवड्याला मेसेज असतो: "भाऊ, पोरगी कशी आहे? तुझ्या तक्त्यावर माझा भरवसा. पोरांचा मामा, आमचा वायसन, छप्पर कोसळलं तरी 'सगळं बरं' म्हणेल."

हजेरीची बाजू पाठवली. पायऱ्यांची बाजू कापून टाकली. उगाच काळजी करतील.

"१०० टक्के! देव तुझं भलं करो," असं आलं.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी. दुपारी १२.२०

आज पुढून पाहिलं. चटईच्या समोर जाऊन उकिडवा बसलो, वायर तपासायचं सोंग करत.

अकरा नंबरवर एनेलेसी नाही. लामेकी आहे! पहिल्या तुकडीत स्वतःच्या फोटोवर बसून गेलेला, तोच. सात वर्षांचा. बहिणीच्या फोटोवर बोट ठेवलेलं आणि दोन अधिक तीन करताना ओठ हलतायत.

"लामेकी, ताई आजारी आहे का?"

मान हलवली. नाही.

"मग कुठे आहे?"

"तंबाखूला."

"कधी गेली?"

"लॉरी आली तेव्हा." मग हेडफोन परत चढवत, "सांगायचं नाही, म्हणालाय मामा. तुम्ही विचारलंत म्हणून."

लॉरी कधी आली, हे तो सांगू शकत नाही. पण मी शोधू शकतो. तक्ता मागे मागे नेला. रेघ पहिल्यांदा खाली आली ती तारीख २२ जानेवारी. सोमवार. त्या दिवसापासून आजवर शाळेचे पंधरा दिवस. पंधराही दिवस हिरवे.

नऊ वर्षांची आहे ती.

रविवार, ११ फेब्रुवारी

चर्चहून येऊन बसलो, तेवढ्यात वायसन दारात. मुलांचा मामा. काखेत कोंबडी, पाय बांधलेली.

"आहेत का घरात? चार्जिंगमास्तर!"

"मास्तर नाही मी, वायसनदादा."

"होशील की! पत्र येतंय म्हणे कायमचं. आम्हाला विसरू नकोस." कोंबडी उंबऱ्यावर ठेवली. "लामेकीने तोंड उघडलं ना? बारीक पोटात गोष्ट राहत नाही."

मी विचारलं, कुठे आहे ती. तो म्हणाला, कासुंगुकडे, एका मळ्यावर. पानं सुतळीला ओवायची, बस्स. सावलीतलं काम. दोन वेळा मक्याची घट्ट न्सिमा मिळते. "इथे मिळत होती का? माझ्या कणगीत उंदीर उपाशी मेले. मार्चात मका निघाला की येईल."

"तिच्या आईला माहीत आहे?"

"आई! ती पैसे पाठवते ते एकट्या पोरीला पुरतील एवढे. खाणारी तोंडं सहा. बहिणीच्या पोरांचं बघायचं कोणी? मामाने. मग ठरवायचं कोणी?"

"पण शाळा, दादा?"

हे ऐकून तो खरोखर हसला. "शाळेत आहे की ती! तुझ्या तक्त्यात बघ. घराचा हात बसलाय. नियम तुझा, अक्षर तुझं. की तक्ता खोटा आहे? तसं असेल तर सांग बाबा, लिलोंग्वेच्या लोकांना आधी सांगायला हवं."

मी कोंबडी उचलली. तो उठला, टोपी झटकली आणि जाता जाता म्हणाला, "एवढ्या गावात माझ्याच दारात का रे पाय अडखळला तुझा?"

कोंबडी परत द्यायला हवी होती. तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत मी ती धरून उभा होतो.

सोमवार, १२ फेब्रुवारी

हेडसरांकडे गेलो. दार लावून घेतलं. सगळं सांगितलं – लामेकी, लॉरी, २२ जानेवारी.

ते बाहेरच्या झेंड्याकडे बघत म्हणाले, "तू स्वतः काय पाहिलंस?"

"एनेलेसी नाहीये, सर."

"आणि टॅबने काय पाहिलं?"

"आहे म्हणून."

"मग दोघांपैकी लिलोंग्वेवाले कोणाचं ऐकतील?" मग आवाज उतरवून, "मायेसो, मीही बाप आहे. बावीस तारीख जाऊ दे. टॅब गेले तर तीनशे मुलांचे जातात. एकीपायी तीनशे? तेवीसला मी स्वतः वायसनशी बोलतो."

मी दाराशी पोचलो तेव्हा म्हणाले, "एकीचंच विचारतोयस ना तू?"

"हो सर."

"मग ठीक."

दहा दिवस. दहा दिवस काही फार नव्हेत. पानं ओवायचं काम सावलीतलं असतं.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

कोंबडीने अंडं घातलं. खाल्लं.

बुधवार, १४ फेब्रुवारी

एनेलेसी पहिल्या पायरीवर. आत्याने आज तिला एक ते पाच बेडूक मोजायला सांगितले. बरोबर मोजले. आत्या म्हणाली, "शाब्बास एनेलेसी!" हे मला ऐकू आलं, कारण अकरा नंबरचा हेडफोन फुटलाय आणि आवाज बाहेर येतो.

बदलायला हवा तो हेडफोन.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

तक्ता पाठवायचा नाही, असं ठरवलं होतं. दोन वाजता आवाजाचा मेसेज आला. मागे भांड्यांचा आवाज, कुणीतरी इंग्रजीत रागवतंय. त्यात हळूच: "भाऊ, आज तक्ता नाही आला. पोरगी बरी आहे ना? वायसनला सांगितलं फोन दे तिला, तर म्हणतो खेळायला गेली. चार वेळा खेळायलाच गेली."

पाठवला. हजेरीची बाजू.

"१०० टक्के. आता कामाला लागते," असं आलं.

हे मी का केलं, ते लिहिणार होतो. पण कारण मला ठाऊक आहे. कायमचं पत्र. लिहून ते सुधारत नाही.

शनिवार, १७ फेब्रुवारी

बाजारात तंबाखूच्या मळ्यावरून आलेला एक जण भेटला, सुकी मासळी घेत होता. सहज विचारतोय असं दाखवून विचारलं – ओवायचं काम सोपं असतं ना?

"सोपं? पावसात पान ओलं असतं. रस हाताला लागतो, अंगात उतरतो. मोठी माणसंही चक्कर येऊन पडतात. पोरं तर भडाभडा ओकतात."

"मग करतात काय त्यांचं?"

"पाणी पाजतात. उठलं तर उठलं."

त्याची बोटं हिरवट-काळी होती, नखांच्या आतपर्यंत. निघताना त्याने हात पुढे केला, तेव्हा मी हात जरा मागे घेतला. त्याला कळलं ते.

सोमवार, १९ फेब्रुवारी

लिलोंग्वेहून मेसेज. हेडसरांनी मोठ्याने वाचून दाखवला, वाचता वाचता आवाज बारीक होत गेला. 'गुरुवारी येत आहोत. एका मुलीचा आलेख फार घसरलेला दिसतो – एनेलेसी. रोज हजर असूनही घसरण. तिच्याशेजारी बसून पाहू, मदत कशी करता येईल. तिचा फोटोही हवा.'

तीनशेत नेमकी तीच! कारण रोज हजर. एखादा दिवस जरी गैरहजर लावली असती तर त्यांची नजर गेली नसती.

मी म्हणालो, "आता सांगावंच लागेल, सर."

हेडसर म्हणाले, "वायसन बघेल."

गुरुवार, २२ फेब्रुवारी

कसं लिहू? क्रमाने लिहितो.

९.१५ – गाडी आली. मिस तेम्वा आणि ड्रायव्हर. मिस तेम्वा तरुण आहेत, हसऱ्या, बूट दाराबाहेर काढले. कोणी काढत नाही.

९.३० – पुठ्ठ्यावरचा नियम वाचून म्हणाल्या, "किती सुंदर! हा कोणाचा?" हेडसरांनी माझ्याकडे बोट केलं. पुठ्ठ्याचा फोटो काढला.

१०.४० – तिसरी तुकडी. वायसनने मुलाला हाताला धरून आणलं. निळा झगा. एनेलेसीचा. खालची कड वर घेऊन काळ्या दोऱ्याने टाके घातलेले. डोकं ताजं भादरलेलं, तेल लावलेलं. लामेकी.

अकरा नंबर. मिस तेम्वा चटईवर त्याच्याशेजारी गुडघे टेकून बसल्या.

"तू एनेलेसी ना?"

"हो मॅडम."

"गणित अवघड वाटतं का गं हल्ली?"

"नाही मॅडम. आत्या सोपं करून देते."

त्यांना फार आवडलं ते. वहीत लिहून घेतलं. मग विचारलं, "शाळा सुटल्यावर काय करतेस?"

"पानं ओवते, मॅडम. सुतळीला."

 हेडफोनांतून टॅब पुटपुटत होते, ते मला सगळे ऐकू आले. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं.

हेडसर हसले. "भोपळ्याची पानं, मॅडम! भाजीची. वाळवून ठेवतात आमच्याकडे." वायसनही हसला. मिस तेम्वाही. मी तोंड मिटलं.

फोटो निघाला. मधे झग्यातला लामेकी, एका बाजूला त्या, दुसऱ्या बाजूला मी. ड्रायव्हर म्हणाला, "हसा की सर!"

शुक्रवार, २३ फेब्रुवारी

पहिल्या तुकडीत "लामेकी" अशी हाक मारली. त्याने पाहिलंच नाही. दोनदा मारली. शेजारच्या मुलाने ढोसलं तेव्हा वळला. जवळ बोलावून सांगितलं, यापुढे ताईचा फोटो दाबायचा नाही.

त्याने दोन्ही हात पाठीमागे लपवले. "दाबला नाही तर ताई हरवेल. मामा म्हणालाय."

हेडसर आज वायसनशी बोलणार होते. बोमाला, तालुक्याच्या कचेरीत, गेलेत म्हणे, पगाराच्या कामाला.

रविवार, २५ फेब्रुवारी. सायंकाळी ४.१०

तो फोटो लिलोंग्वेवाल्यांनी सगळ्यांना दिसेल असा लावला. खाली ओळ: 'एनेलेसी – एकही दिवस न चुकवणारी मुलगी.' जोहान्सबर्गमध्ये आपल्याकडच्या कुणीतरी तो एस्नाटताईंना दाखवला.

फोन आला. मेसेज नाही, फोन. इतक्या लांबचा. एका मिनिटाचे किती जातात हे त्यांनाच ठाऊक.

"मायेसो, हा लामेकी आहे."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"भुवईवरची खोक त्याची आहे. उखळावर पडला होता, रक्त माझ्या लुगड्यावर होतं. माझ्या पोरीच्या झग्यात माझा पोरगा बसवलाय, आणि शेजारी तू उभा आहेस. दात दिसतायत तुझे."

"ताई –"

"ताई म्हणू नकोस. दर गुरुवारी मला शंभर टक्के पाठवतोस. कशाचे शंभर? जिवंत आहे का ती?"

"माहीत नाही."

एवढंच बोललो. पण ते बोलल्यावर बाकीचं आपोआप बाहेर आलं – २२ जानेवारी, लॉरी, कासुंगु, कोंबडी, सगळं. पायऱ्यांची बाजू कापत होतो, तेही. शेवटी त्या म्हणाल्या, "माझा पासपोर्ट मालकिणीकडे आहे. मला यायला पंधरा दिवस लागतील. तू इथून तिथे किती वेळात पोचतोस?"

"एका दिवसात."

"मग?"

त्यांनी फोन कापला.

सोमवार, २६ फेब्रुवारी

पत्र आलं. 'श्री. मायेसो, कायम नियुक्ती, १ मार्चपासून.' माझ्या नावाचं स्पेलिंग बरोबर आहे.

हेडसरांनी मुलांकडून टाळ्या वाजवून घेतल्या. लामेकीनेही वाजवल्या.

मंगळवार, २७ फेब्रुवारी

दुपारी खोली बंद करून बोमाला गेलो, सायकल टॅक्सीने. पोलीस ठाण्यात सार्जंट मबेवे. पोट सुटलेलं, चष्मा दोऱ्याने बांधलेला. सगळं ऐकून घेतलं आणि आपल्या फोनवर तो फोटो काढून माझ्यासमोर धरला. बायकोने पाठवला म्हणे, तालुक्याचं नाव झालं म्हणून.

"ही ना तुमची हरवलेली मुलगी?"

"हा तिचा भाऊ आहे, साहेब."

"खाली लिहिलंय एनेलेसी. तुझ्या मशीनमध्ये आजची हजेरी आहे?"

"आहे."

"कालची?"

"आहे."

"म्हणजे जी मुलगी रोज शाळेत बसते, तिला शोधायला मी कासुंगुला जाऊ? मळेवाला मला विचारेल, कागद काय म्हणतो? कागद म्हणतो, ती तुमच्याकडेच आहे. पोलिसाला कागद लागतो, बाळा."

तेव्हा मला पहिल्यांदा पूर्ण कळलं. तिथे ती मेली-बिली, तर ती तिथे नव्हतीच. ती इथे बेडूक मोजत होती.

मी म्हणालो, "मग दुसरा कागद देतो."

त्यांनी कोरं पान पुढे केलं. लिहिलं: 'एनेलेसी हिची २२ जानेवारीपासूनची सर्व हजेरी खोटी आहे. ती दुसऱ्याने दिली. मला हे ९ फेब्रुवारीपासून माहीत होते. नियम माझा आहे.' पुन्हा वाचलं. एक स्वल्पविराम घातला. सही केली.

मबेवेंनी चष्मा वर केला. "नोकरी जाईल तुझी."

"हो."

"तुरुंगही असेल. सांगून ठेवतो." मग पान घडी करून खिशात घालत, "गेल्या मोसमात एका मळ्यावरून असाच मुलगा आणायला गेलो होतो. उशीर केला होता आम्ही. उद्या सकाळी सहाला इथे ये. भाडं तुझं. खात्याकडे पेट्रोल नाही."

परतताना वायसनला गाठलं, उद्या मबेवे पोरीला आणायला जाणार, ते सांगितलं. पोलिसाचं नाव ऐकून तो खाली बसला. मळा सांगितला – कासुंगुच्या पुढे, विटांच्या तीन धुराड्यांचा. लॉरीवाल्याचं नावही. मग म्हणाला, "मी एकटाच सापडलो का रे तुला?" त्याला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. दया आली नाही.

हेडसरांना म्हणालो, मावशी आजारी आहे, दोन दिवस जातो. किल्ली दिली. "जा, जा! कायम माणूस तू आता," म्हणाले.

बुधवार, २८ फेब्रुवारी

मिनीबसमध्ये. मबेवे झोपलेत, चष्मा माझ्या हातात दिलाय धरायला. लिलोंग्वेच्या पुढे दोन्ही बाजूंना तंबाखूच. पान हत्तीच्या कानाएवढं. पाऊस पडून गेलाय, सगळं ओलं.

गुरुवार, २९ फेब्रुवारी. सकाळी १०.३०, परतीच्या बसमध्ये

जाताना, मोठी तिकिटं दोन – २४,००० क्वाचा.
येताना, मोठी तिकिटं दोन – २४,०००.
येताना, अर्धी तिकिटं सहा – ३६,०००.
पाव, दूध, ओकारीसाठी प्लास्टिकच्या पिशव्या – ९,६००.
एकूण ९३,६००. माझे ३५,०००. एस्नाटताईंनी फोनवरून पाठवले ४०,०००. सार्जंट मबेवे यांचे देणे १८,६००.

अर्धी तिकिटं: एनेलेसी, फलेसी, गिलिबाती, नेलिया, दोरीका, योसेफे. तक्त्यात रेघ खाली गेलेले सहाही, एकाच छपराखाली पानं ओवत बसले होते. मला बघून एनेलेसी म्हणाली, "सर, तुम्ही सगळ्यांना न्यायला आलात ना?" मी हो म्हणालो.

हेडसरांचा मेसेज, १०.०५ चा: 'खोली उघडली. काळजी नको. तिसरी तुकडी, तीसपैकी तीस हजर.'